बेंबळीत शंभर म्हणजे किती?

धाराशिवला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या गुहागरात पहिला प्रश्न येतो, "दर्शन नीट झालं ना?" तुळजापूर तिथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा माणूस तिकडे जातो तो देवीसाठीच, अशी सगळ्यांची खात्री. मी गणिताच्या परिषदेला गेले होते म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो, माझ्याकडे काळजीनं बघतो आणि पुन्हा विचारतो, "ते असू दे. पण दर्शन?" दर्शन झालं, बसच्या खिडकीतून कळसाचं झालं. परिषदेचं मात्र कुणीच विचारत नाही, म्हणून न विचारता सांगते.

मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या साळवी मॅडम गणित अध्यापन शिकवतात. त्यांनी माझे सरावपाठ वर्षभर मागच्या बाकावर बसून पाहिले आणि शेवटच्या पाठानंतर एवढंच म्हणाल्या, "आरती, तुझ्या वर्गात एकच विद्यार्थी असतो. तो म्हणजे तू." मी प्रश्न विचारते, मीच उत्तर देते आणि मीच शाबासकी देते, असं त्यांचं म्हणणं. मुलांना फक्त हजेरीपुरतं बोलावते. त्या पाठाला त्यांनी मला नापास केलं.

पुढं त्या म्हणाल्या की फेब्रुवारीत धाराशिवला परिषद आहे, तिथं खऱ्या मुलांसमोर एक पाठ घ्यायचा आहे, तुझं नाव दिलंय. मुलं बोलली तर पास. तू बोललीस तर हे वर्ष पुन्हा. मी म्हटलं, "मॅडम, म्हणजे मी अगदी काहीच बोलायचं नाही की थोडंफार प्रास्ताविक वगैरे..." मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. हे बोट पुढे फार कामाला येणार होतं.

घाट नावाचा चढ

सोलापूर सोडलं की तुळजापूरच्या अलीकडे घाट लागतो, असं कंडक्टर म्हणाला. कुंभार्ली घाटाच्या वळणांवर ओकाऱ्या काढत मोठी झालेली मी. पिशवी हातात धरून तयार बसले. दोन-चार वळणं झाली आणि गाडी सपाटीवर आली. "घाट कधी येणार?" मी विचारलं. "गेला की वो!" कंडक्टर जरा दुखावूनच म्हणाला. मी पिशवी घडी घालून परत ठेवली.

पण त्या सपाटीनं मला गप्प केलं, हे कबूल करते. आमच्याकडे नजर टाकली की ती दहा पावलांवर कुठल्यातरी झाडाला नाहीतर डोंगराला आपटते. इथं काळी जमीन, त्यावर पिकत आलेली ज्वारी आणि मग नुसतं आभाळ. नजर जाते ती जातेच. शेजारी बसलेल्या मॅडम म्हणाल्या, "बघ, पंधरा मिनिटं झाली, तू बोलली नाहीस." मी लगेच बोलायला लागले.

बेंबळी

परिषद धाराशिव शहरात होती, पण राहण्याच्या खोल्या अपुऱ्या पडल्यामुळे आम्हा दोघींची सोय जवळच्या बेंबळी गावी सुनंदाताईंच्या घरी झाली. ताई तिथल्या शाळेत शिक्षिका. माझ्या पाठासाठी जी मुलं आणायची होती, ती त्यांच्याच तिसरीच्या वर्गातली. घरी त्यांचे यजमान आणि सासूबाई. सासूबाईंना त्या आत्याबाई म्हणायच्या, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

जेवायला बसलो. ताटात ज्वारीची भाकरी आली. आमच्याकडे तांदळाची भाकरी असते, पण ती ताटात मावते. ही ताटाबाहेर चारही अंगांनी डोकावत होती. बरोबर शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार, पिठलं, कांदा. मी एक संपवली आणि हात आखडता घेऊन भाताची वाट पाहत बसले. आत्याबाईंनी दुसरी भाकरी वाढली. मी म्हटलं, "नको, भात खाईन."

"आगं माय! बरं वाटंना व्हय गं तुला?" आत्याबाईंनी घाबरून माझ्या कपाळाला हात लावला.

तिथं भात मुख्य जेवणाचा नव्हेच. शेवटी घासभर घ्यायचा, किंवा ताप आल्यावर. मी निमूटपणे दुसरी भाकरी खाल्ली, तिसरी अर्धी खाल्ली आणि भात आला तेव्हा माझ्यात त्याला जागा नव्हती. "बगा, भाकर गेली की पोटात! ताप न्हाय," आत्याबाई समाधानानं म्हणाल्या.

झोपताना मी माझं शैक्षणिक साधन पुन्हा एकदा तपासलं. आइस्क्रीमच्या काड्या होत्या, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगवलेल्या, दहादहाचे गठ्ठे रबरानं बांधलेले. शंभर ही संख्या शिकवायची तर दहा एकक मिळून दशक, दहा दशक मिळून शतक, हे मुलांना हातानं करता आलं पाहिजे. काड्या रंगवायला आईनं मदत केली होती, त्या अशा देखण्या झाल्या होत्या की पाठ मी नाही घेतला तरी त्यांनी घेतला असता. पिशवी पडवीत ठेवली आणि निर्धास्त झोपले.

परिषदेचा पहिला दिवस

गणिताच्या शिक्षकांची परिषद वेळेवर चालेल असं मला वाटलं होतं. प्रत्येकाला निबंध वाचायला दहा मिनिटं होती. त्यातले एक सर 'वेळेचं मापन' या विषयावर बोलत होते. ते दहा मिनिटांत विषयाच्या जवळपाससुद्धा आले नाहीत. घंटा वाजवायला तेरखेड्याचे जाधव सर बसले होते, उंच, मिशीवाले. त्यांनी एकदा वाजवली, दोनदा वाजवली, मग घंटा हातात घेऊन ते वक्त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि तिथं वाजवली. सर बसले.

चहाला मी जाधव सरांना सांगितलं की उद्या माझा पाठ आहे आणि माझी पाचावर धारण बसली आहे. ते म्हणाले, "म्याडम, आमचं गाव फटाक्यांचं. एक नियम सांगतो. लावलेला फटाका उडला न्हाय, तर लगेच वाकून बगायचं न्हाय. थांबायचं. घाई करणाऱ्याचीच मिशी जळती." मला मिशी नव्हती, तरी सल्ला पटला.

गंमत म्हणजे दुपारच्या सत्रात लातूरकडच्या एका वयस्कर बाईंनीही तेच सांगितलं, फक्त फटाक्याशिवाय. त्या म्हणाल्या, "आपण वर्गात प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढचा विचारतो. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. तेवढ्यात मूल विचार करतं." मी लगेच शेजारच्या शिक्षकांवर प्रयोग करून पाहिला. "तुम्ही कुठून आलात?" असं विचारून मनात मोजू लागले. ते 'परंडा' म्हणाले तेव्हा मी दोनवर होते, पण मी मोजणं सोडलं नाही. दहा होईपर्यंत मी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. ते उठून दुसऱ्या खुर्चीवर गेले.

आंघोळ

दुसऱ्या दिवशी पहाटे गारठा होता. आत्याबाईंनी अंगणातल्या चुलीवर पाणी तापवलं होतं. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी चुलीवरच, अशी रीत. पाणी मस्त कढत होतं. मी न्हाऊन बाहेर आले, केस पुसत म्हटलं, "आत्याबाई, पाणी किती पटकन तापलं हो!"

"तापनारच की," त्या म्हणाल्या. "तू लई झ्याक काड्या आनल्या व्हत्यास. वाळल्याल्या, जुड्या बांधल्याल्या. भसाभसा पेटल्या बग. रंग कशाला दिलाय म्हनलं, पर कोकनात देत असतील."

मी चुलीकडे पाहिलं. कडेला एक अर्धवट जळकी लाल काडी पडली होती. पाहुणी रिकाम्या हातानं येत नाही, सरपणसुद्धा घेऊन येते, असं त्या माउलीला वाटलं होतं. आणि त्या सरपणावर मीच न्हायले होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सुनंदाताई आल्या, त्यांना कळलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आत्याबाईंना कळल्यावर त्या माझ्यापेक्षा जास्त रडकुंडीला आल्या. "पोरीचं वरीस जाळलं म्या!" म्हणत त्या पायरीवरच बसल्या. मग उठल्या, तडक गोठ्याकडे गेल्या आणि कडब्याची एक भलीमोठी पेंढी घेऊन आल्या. ज्वारीची कणसं काढून घेतली की उरलेली वाळकी धाटं म्हणजे कडबा. त्याच्या पेंढ्या बांधून वर्षभर जनावरांना घालतात. "ह्याच्या काड्या कर. किती पायजे तेवड्या!"

ताईंचे यजमान मदतीला धावले. म्हणाले, "बाई, मशिनीवर कुट्टी करून देऊ का? दोन मिनिटांत बारीक करतो." म्हशीसमोर पाठ असता तर चाललं असतं. शेवटी त्यांनी कोयत्यानं वीतभर तुकडे तोडले, आत्याबाईंनी ते गोणीत भरले आणि मॅडम हे सगळं चहाचा कप हातात धरून शांतपणे बघत राहिल्या. मी म्हटलं, "मॅडम, साधनच गेलं. पाठ पुढं ढकलता येईल?"

"वर्षभर?" मॅडम म्हणाल्या.

पाठ

सभागृहाच्या मध्यभागी सतरंजीवर बेंबळीची मुलं बसली होती, आणि भोवती खुर्च्यांवर महाराष्ट्रातले गणित शिक्षक. पहिल्या रांगेत साळवी मॅडम. जाधव सरांच्या हातात घंटा.

मी मुलांचे चार गट केले, प्रत्येक गटापुढे धाटांच्या तुकड्यांचा ढीग ओतला आणि म्हटलं, "प्रत्येक गटानं मला शंभर काड्या मोजून आणून द्यायच्या. मोजणं सोपं जावं म्हणून गठ्ठे बांधले तरी चालतील." आणि ओठ मिटले. आता मुलं दहादहाचे गठ्ठे बांधणार, मग मी दशक हा शब्द सांगणार, असा बेत होता.

मुलं भराभरा कामाला लागली. दोरा मागितला, दिला. बघते तर सगळे गठ्ठे पाचपाचचे. "पाच का?" मी एका मुलाला विचारलं. "पाचुंदा, बाई," तो असा म्हणाला, जणू मी चमच्याला चमचा का म्हणतात असं विचारलं होतं. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा होतो. सुगीला त्यांनी तो घरी पाहिलेला, म्हणून धाटाला हात लागला की हात पाचावर थांबणारच. असू दे, मी मनाशी म्हटलं, पाच तर पाच.

पहिल्या गटानं गठ्ठे आणून दिले. मी सर्वांसमोर मोजले. एकशे पाच भरले. मला वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा मोजले. एकशे पाच. दुसऱ्या गटाचे मोजले, एकशे पाच. तिसऱ्याचे, चौथ्याचेही तेवढेच. एक गट चुकला तर समजू शकते, पण चारही गट एकसारखे चुकतात म्हणजे काय? खुर्च्यांमध्ये कुजबूज सुरू झाली. एक टाय लावलेले प्राध्यापक उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "संख्येचा मूलभूत संबोधच कच्चा आहे!"

माझी जीभ उचललेलीच होती. "मुलांनो, चुकलं, हे बघा, शंभर म्हणजे..." एवढं वाक्य दातांपर्यंत आलं होतं. समोर मॅडमचं बोट ओठांवर होतं. मी वाक्य गिळलं. वर्ष वाचवायचं तर गिळायलाच हवं होतं. मग विचारलं, "हे किती आहेत?"

"शंभर!" सगळे एका सुरात.

"कसे? मला मोजून दाखवा." आणि मी मनात मोजू लागले. एक. दोन. तीन. कुणी हलेना. चार. पाच. सहा. जाधव सरांचा फटाका आठवला. सात. आठला मागून एक दोन वेण्यांची मुलगी उठली. नाव कोमल. गठ्ठ्यांपाशी येऊन एकेक बाजूला ठेवत तिनं वीस पाचुंदे मोजले. "हे शंभर." आणि शेवटचा उचलून वर ठेवला. "ह्यो वरचा."

"वरचा म्हणजे?"

"बाई, कडबा इकताना शंभरला एक पाचुंदा वर द्यायचा असतो." माझं अज्ञान बघून तिला माझी कीव आली असावी. "न्हायतर घेनारा नाराज व्हतो."

"आन पुढच्या साली येत न्हाय," दुसरा म्हणाला.

"आमचे पप्पा न्हाईत देत," तिसऱ्यानं तोंड घातलं.

"म्हनून तुमचा कडबा पडून हाय!" चौथा. हशा पिकला. मग एक मुलगा म्हणाला की जळकोटला त्याच्या मामाकडं दोन पाचुंदे वर देतात. यावर असा कल्ला झाला की जळकोट खरं की बेंबळी खरी, याचा निकाल लागेना. माझ्या वर्गात मुलं भांडत होती! बोलत होती, तीही गणितावर! मला आनंदानं रडू यायचं बाकी होतं.

"जळकोटला शंभर म्हणजे किती?" मी विचारलं.

"एकशे धा!"

"आणि बेंबळीला?"

"एकशे पाच!"

"मग शंभर म्हणजे नेमके किती?"

कल्ला थांबला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मी मोजत होते. दहा झाले, तरी कुणी बोलेना. मी अकरावर गेले, बारावर गेले. वर्गात उभी राहून इतका वेळ मी आयुष्यात कधी गप्प राहिले नसेन. जाधव सरांनी घंटा उचलली होती, तीही तशीच हातात अधांतरी राहिली.

"शंभर म्हंजी शंभरच, बाई," कोमल हळूच म्हणाली. "ते समद्या गावात सारकं. वरचं ज्याच्या-त्याच्या मनावर."

टाळ्या पडल्या. टायवाले प्राध्यापक मात्र उभेच होते. "सगळं ठीक, पण तुमच्या पाठाचं उद्दिष्ट दशक होतं. ते दहाचे गठ्ठे कुठं गेले?"

"चुलीत गेले, सर," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं. सुनंदाताईंना हसू आवरेना, आणि मग सभागृह का हसतंय ते न कळताही हसू लागलं. तेवढ्यात तो मघाचा, कडबा पडून असलेला मुलगा म्हणाला, "दोन पाचुंदे एकत्र बांधा की सर, झाले धा!" त्यानं बांधून दाखवलेही. प्राध्यापक खाली बसले. जाधव सरांना तेव्हा घंटेची आठवण झाली.

जेवणाच्या पंगतीत मी मॅडमच्या शेजारी बसले. त्या शांतपणे भाकरी मोडत होत्या. मला राहवेना. "मॅडम, पास?"

"आज पहिल्यांदा तुझ्या वर्गात मुलं दिसली," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी माझ्या वर्गात परत दिसू नकोस, एवढंच सांगते."

मी दोन भाकरी खाल्ल्या आणि भात मागितलासुद्धा नाही.

परतताना

दुसऱ्या दिवशी सकाळी बेंबळीच्या थांब्यावर आम्ही बसची वाट बघत होतो. आत्याबाईंनी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली आणि माझ्या पिशवीत हात घालून आत जळण्याजोगं काही उरलं नाही ना, याची खात्री करून घेतली. शाळेला निघालेली कोमल दप्तर पाठीला लावून आली आणि आमच्यापुढे थांबली.

"बाई, तुमच्याकडं शंभरला किती वर देत्यात?"

वर्षभराच्या पाठांत मी मुलांना शेकडो प्रश्न विचारले असतील. मला कुणी एकही विचारला नव्हता. हा पहिला. मला लगेच उत्तर द्यावंसं वाटलं. पण मी आता प्रशिक्षित शिक्षिका झाले होते. मी हसून म्हटलं, "तुला काय वाटतं?" आणि मनात मोजायला सुरुवात केली.

"मला ठावं असतं तर तुमाला कशाला इचारलं असतं?" कोमल म्हणाली. "सांगा की!"

मॅडम खो-खो हसल्या. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहत होते. मग मी सांगितलं. आमच्याकडे कडबा नाही, आंबे असतात. पाच डझनांची पेटी म्हणजे साठ आंबे. पण वाटेत एखादा खराब निघाला तर गिऱ्हाइकाचा जीव दुखू नये म्हणून माझे बाबा पेटीत दोन जास्त घालतात. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की लहानपणापासून मी त्या पेट्या भरत आले आहे, शाळेत साठापर्यंत मोजायलाही शिकले आहे, आणि ही दोन्ही गणितं मी कधी एकमेकांशेजारी ठेवलीच नव्हती. बस आली. मी घाईघाईनं म्हटलं, "म्हणजे बघ, आमच्याकडे साठ म्हणजे बासष्ट."

"न्हाय, बाई," कोमलनं मान हलवली. माझी जराही भीड न बाळगता, अगदी ठामपणे. "साठ म्हंजी साठच. दोन वरचे."

मी बसमध्ये चढले. मॅडमनी खिडकीची जागा मला दिली, आणि तुळजापूर येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.